तळण, कढई आणि वाऱ्याचे यंत्र
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या भाषणाला या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विषय घेतले गेले. यंदा कार्यकारिणीने मला 'एअर फ्रायर घ्यावा की न घ्यावा' यावर बोलायला सांगितले, तेव्हा पुष्कळजणींना हसू आले असेल. पण त्यामागचे कारण आपणां सर्वांना ठाऊक आहे. आपल्या भिशीतील अठराजणींनी मिळून एकदम अठरा यंत्रे घ्यावीत, दुकानदार एकगठ्ठा खरेदीवर सूट द्यायला तयार आहे, असा प्रस्ताव आला आहे. प्रत्येकीच्या वाट्याला साडेपाच हजार रुपये येतात. महिना पाचशेच्या भिशीत एवढी रक्कम उभी राहायला अकरा महिने लागतात, आणि आपल्यापैकी कित्येकींची स्वतःच्या हातची म्हणावी अशी शिल्लक तेवढीच असते. तेव्हा विषय स्वयंपाकघराचा असला तरी पैसा कष्टाचा आहे. सभेने ठरवले की कोणीतरी आधी वापरून पाहावे आणि मग बोलावे. साताऱ्याच्या माझ्या धाकट्या जाऊबाईंकडे हे यंत्र दोन वर्षांपासून आहे. त्यांनी ते महिनाभर मला सांगलीला नेऊ दिले. आमच्या ह्यांना डॉक्टरांनी तळण कमी करायला सांगितलेले असल्यामुळे मलाही या प्रश्नाचे उत्तर हवेच होते. मी एक वही घातली, तराजू जवळ ठेवला आणि रोजचे रोज लिहीत गेले. त्या वहीतलेच आज सांगणार आहे.

प्रथम नावाविषयी. फ्रायर म्हणजे तळणारा. हे यंत्र तळत नाही. ही एक लहानशी भट्टी आहे. वर विजेची तार तापते, तिच्या जवळचा पंखा ती ऊब जोराने खाली ढकलतो आणि जाळीच्या टोपलीत ठेवलेल्या जिनसाभोवती ऊन वारा गरगर फिरतो. वाऱ्याची भट्टी ही कल्पनाही नवी नाही. अमेरिकेत विल्यम मॅक्सन नावाच्या गृहस्थांनी १९४५ च्या सुमारास लष्करी विमानांतील थंडगार जेवण गरम करण्यासाठी पंख्याची भट्टी तयार केली होती. मोठ्या बेकऱ्यांतून तशा भट्ट्या आजही चालतात. ओट्यावर मावेल असे लहान रूप हॉलंडमधील फ्रेड व्हान डर वेय यांच्या कल्पनेतून आले आणि फिलिप्स कंपनीने ते २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडले. नाव मात्र असे दिले की ऐकणाऱ्याला वाटावे, तेलाशिवाय तळणे साधले! माझ्या मते निम्मा घोटाळा या नावाने केला आहे. 'वाऱ्याची भट्टी' म्हटले असते तर कोणी तीत पुरी टाकून पाहिली नसती.

पुरीचे काय होते ते सांगते, कारण त्यातच सगळे मर्म आहे. तेल १७०–१८० अंशांपर्यंत तापलेले असते, आणि तेल ऊब फार झपाट्याने देते. पुरी आत पडताच तिच्या पोटातल्या पाण्याची वाफ होते, वरचा पापुद्रा तोवर घट्ट झालेला असतो, आणि वाफेला बाहेर पडायला वाट नसल्यामुळे पुरी टम्म फुगते. हे सारे काही क्षणांत. वारा कितीही तापवला तरी तेलाइतक्या वेगाने ऊब देऊ शकत नाही. मिनिटे जातात, तोवर पाणी हळूहळू उडून जाते आणि पुरीची पापडी होते. खायला वाईट नाही, चहाबरोबर चालेल. पण श्रीखंडाबरोबर ती पानात वाढण्याचे धाडस मला तरी झाले नाही.

ओल्या पिठाचीही तीच गत. बटाटेवडा, कांदाभजी, मिरचीभजी यांचे पीठ तेलात पडताच आवळून येते. जाळीवर ते आवळून येण्यापूर्वी गळून खाली जाते. दोन वेळा खालचे भांडे खरवडून काढल्यावर तो नाद मी सोडला. आणि हलका जिन्नस तर उडतोच! पातळ पोहे आणि चिरमुरे वाऱ्यावर नाचतात, उडदाचा पापड वर जाऊन तापलेल्या तारेला चिकटतो व जळका वास सुटतो. पापडावर स्टीलची लहान जाळी ठेवली तर तो भाजून निघतो, परंतु पापड भाजायला गॅसवरची जाळी काय वाईट आहे? आपल्या सांगलीच्या भडंगाला तर या यंत्रात जागाच नाही. भडंगाला हवी लसणाची आणि तिखटाची चरचरीत फोडणी व तीत परतायला ऐसपैस कढई. चिरमुरे कुरकुरीत करायला अंगणातले ऊन आहेच.

आता दुसरी बाजू. दुकानात यंत्र चालवून दाखवतात तेव्हा नेहमी गोठवलेल्या बटाट्याच्या फोडी घालतात. दहा-पंधरा मिनिटांत सोनेरी, खुसखुशीत फोडी बाहेर येतात आणि विक्रेता म्हणतो, पाहा ताई, तेलाचा थेंब नाही. त्या पाकिटावरची घटकांची यादी वाचा, म्हणजे बहुधा तेलाचे नाव सापडेल. या फोडी कारखान्यात एकदा तेलातून काढूनच गोठवतात. घरचा बटाटा चिरून तेलाशिवाय घातला तर तो वरून सुकतो आणि आत पिठूळ राहतो. अर्धा तास पाण्यात भिजवून, कोरडा पुसून, वर चमचाभर तेल चोळून घातला तर चांगला होतो. तेव्हा 'बिनतेलाचे' हे विसरून 'चमचाभर तेलाचे' म्हणावे, म्हणजे फसगत होत नाही.

ज्या जिनसा यंत्राला खरोखर साधतात त्या कोणत्या, तर ज्या आधी वाफवून घट्ट झालेल्या असतात. कोथिंबीर वडी आणि अळूवडी! आपल्या स्वयंपाकासाठीच कोणी हे यंत्र केले असावे असे वाटावे इतक्या त्या छान होतात. उकडलेल्या वड्या कापून, दोन्ही बाजूंना तेलाचे बोट फिरवून, १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे ठेवायच्या, मध्ये एकदा उलटायच्या. साबुदाण्याचा वडा तेल लावून ठेवला तर कढईतल्याच्या जवळपास जातो, आणि तेलात फुटून अंगावर उडण्याची धास्ती उरत नाही. सुरणाचे काप, वांग्याचे काप, तोंडली, भेंडी, रताळी, ओल्या शेंगा, शेंगदाणे ही सगळी उत्तम. शंकरपाळी खारीच्या बिस्किटासारखी होते. करंजी पांढुरकी राहते पण खुसखुशीत असते. चकली थोडी कडक येते, भाजणीत मोहन नीट असेल तर बरी. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शंकरपाळी-करंजीला मोहन घालावेच लागते, आणि ते पोटात जातेच. वरचे तेल वाचले म्हणून कोणी दुप्पट खाल्ले तर डॉक्टर काय म्हणतील ते मी सांगायला नको.

कृष्णाकाठच्या वांग्याचे भरीत केल्याशिवाय सांगलीत कोणत्याच साधनाची परीक्षा पुरी होत नाही. वांग्याला टोचे मारून, तेल चोळून, २०० अंशांवर पंचवीस मिनिटे ठेवले. साल अलगद सुटली, ओटा स्वच्छ राहिला, गर लोण्यासारखा झाला. परंतु भरताला जो धुरकट वास लागतो तो औषधालाही नव्हता. आमच्या सासूबाईंनी एक घास खाऊन एवढेच विचारले, "वांगे उकडलेस का गं?" यापुढे मला वहीत काही लिहावे लागले नाही.

येवढे पदार्थांचे झाले. आता हिशेब.

शेजारच्या वाड्यात सात माणसांचे कुटुंब आहे. त्यांच्या घरी एकदा कढईत आणि एकदा यंत्रात, अशी दोन वेळा कोथिंबीर वडी केली, प्रत्येक वेळी अठ्ठावीस वड्या. कढईत ४०० ग्रॅम तेल ओतले होते, तळून झाल्यावर ३४० ग्रॅम उरले. म्हणजे साठ ग्रॅम वड्यांबरोबर गेले. यंत्रात तीन चमचे, साधारण पंधरा ग्रॅम लागले. वाचले पंचेचाळीस ग्रॅम. आठवड्यातून दोनदा तळण होते असे धरले तर महिन्याला ३६० ग्रॅम. किलोला १६० रुपये दर धरला तर सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये. साडेपाच हजारांचे यंत्र या बचतीतून फिटायला जवळजवळ आठ वर्षे लागतील. तोवर टोपलीचा मुलामा टिकेल का, हा प्रश्न वेगळाच. कढईत उरलेले तेल जी बाई टाकून देते तिचा हिशेब थोडा बदलेल, पण आपल्यात ते टाकून देणाऱ्या किती आहेत?

त्या उरलेल्या तेलाविषयी दोन शब्द बोलते. तेल पुन्हा पुन्हा तापवले की ते बिघडत जाते. बिघाडाने जी द्रव्ये तयार होतात त्यांचे प्रमाण शेकडा २५ च्या वर गेले की ते तेल खाण्याला वापरू नये, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला आहे. हॉटेलवाल्यांकडे ते मोजायला उपकरण असते, आपल्याकडे नसते. म्हणून तेल कढईत बेताचे घालावे, एकदा तळून उरलेले गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवावे, पुन्हा तळायला घेऊ नये. लहान, खोलगट कढई घेतली तर निम्म्या तेलात काम भागते, आणि तिला साडेपाच हजार पडत नाहीत.

विजेचे पाहू. यंत्र १,५०० वॉटचे. वीस मिनिटे चालले तर अर्धे युनिट, रोज चालवले तर महिन्याला पंधरा युनिटे. थोडीच आहेत, पण आपल्या बिलात शंभर युनिटांच्या पुढे दर चढतो आणि तीनशेच्या पुढे आणखी चढतो, तेव्हा आपण कोणत्या पायरीवर उभ्या आहोत ते प्रत्येकीने बिल काढून पाहावे. गॅसवर कढई वीस मिनिटे ठेवली तर पन्नास ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. टाकीत तो १४.२ किलो असतो. टाकीच्या किमतीला २८० ने भागले की एका वेळचा खर्च निघतो. मी दोन्ही मांडून पाहिले. फरक एखाद-दोन रुपयांचा, आणि तोही यंत्राच्या बाजूचा नव्हे.

याहून महत्त्वाची गोष्ट प्लगची आहे, आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. १,५०० वॉटच्या यंत्राला साडेसहा अँपियर वीज लागते. ओट्याजवळचा साधा प्लग सहा अँपियरचा असतो. मिक्सर त्यावर चालतो म्हणून हेही चालेल असे समजून, किंवा लांब वायरीची पट्टी जोडून कोणी लावू नये. गावभागातल्या आपल्या जुन्या वाड्यांतून वायरिंग किती वर्षांपूर्वीचे आहे ते आपणांस माहीत आहे. सोळा अँपियरचा प्लग, जाड वायर आणि अर्थिंग ही हवीतच. ती नसतील तर वायरमनचा खर्च यंत्राच्या किमतीत मिळवूनच विचार करा. आणि वीज गेली की यंत्र म्हणजे नुसता डबा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावात शिरले तेव्हा वीज बंद होती, आणि ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर शेगडी आणि टाकी होती त्यांनीच शेजाऱ्यांना खिचडी घातली. कोयनेचे धरण आपल्या शेजारी सातारा जिल्ह्यात आहे म्हणून वीज आपल्या हुकमाची आहे असे नाही.

आरोग्याची बाजू मात्र मी हलकी मानत नाही. बैठे काम करणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला साधारण वीस ते तीस ग्रॅम वरचे तेल-तूप पुरे, असे पोषणशास्त्राचे जाणकार सांगतात. चौघांच्या घरात महिन्याला अडीच ते साडेतीन किलो. मी आमचा डबा तपासला. पाच लिटरचा डबा महिनाभर पुरत नव्हता, आणि त्यात तळणाला गेलेले तेल किलोभरही नव्हते! बाकीचे गेले फोडणीत, रश्श्यावरच्या तवंगात, भरल्या वांग्यात आणि चटणीवर ओतलेल्या तेलात. तळणाचे यंत्र आणून हे कसे कमी होणार? आम्ही सातारा-सांगलीकडची माणसे, आम्हांला रश्श्यावर लाल कट दिसला नाही तर जेवल्यासारखे वाटत नाही. फोडणीला बरणीतून धार सोडण्याऐवजी चमच्याने मोजून तेल घालू लागले, तेवढ्याने पहिल्याच महिन्यात जवळजवळ किलोभर तेल कमी लागले. मोजमापाची ही सवय आपल्याला नवी नाही. आपल्या सांगलीच्या कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले आणि घरोघर गेले, ते वाटी-चमच्यांच्या सोप्या मापांमुळेच.

आणखी एक. जळकट, काळपट रंग आलेला बटाटा वा पिठाचा पदार्थ कढईतला असो की यंत्रातला, चांगला नव्हे. २००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की पिठूळ पदार्थ फार तापवले की त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे द्रव्य तयार होते, आणि ते आरोग्याला घातक असू शकते. ते तेलामुळे होत नाही, कडक उष्णतेमुळे होते. म्हणून यंत्रातही फिकट सोनेरी रंगावर थांबावे. टोपलीला तारेची घासणी लावू नये. भांडी घासायला येणाऱ्या बाईंना हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवावे, नाहीतर महिन्यात मुलामा जातो आणि बोलणी त्या बिचारीला बसतात.

आता कोणी घ्यावे? मी जाऊबाईंचे घर पाहिले आहे. साताऱ्यात दोघेच राहतात, मुलगा परगावी. दोन माणसांसाठी आठ वड्या, चार काप, कालचा समोसा पुन्हा गरम करायचा, एवढेच काम असते. टोपलीत ते एकाच वेळी मावते. दोन वर्षांत त्यांनी कढई सणावारीच काढली. भावोजींना पथ्य आहे, पण संध्याकाळी काहीतरी कुरकुरीत मिळते म्हणून ते आनंदाने पाळतात. त्या घराला यंत्र शोभते, त्यांचे पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही.

वाड्यातल्या सात माणसांच्या घरी काय झाले? चार लिटरच्या टोपलीत एका थरात दहा वड्या बसतात. अठ्ठावीस वड्यांना तीन घाणे, पाऊण तास. कढईत हेच काम पंधरा मिनिटांचे. पहिला घाणा मुलांनी संपवला, दुसरा पुरुषमंडळींनी, आणि तिसरा निघेपर्यंत घरातल्या दोघी सुनांची जेवणाची वेळ टळून गेली. यंत्र घंटी वाजवते हे खरे, पण शेवटच्या घाण्याची वाट पाहत कोण बसते हे घंटीला कळत नाही. मोठ्या घरासाठी मोठे यंत्र मिळते, पण किंमत दहा-बारा हजारांवर जाते आणि ओट्यावर पोळपाट ठेवायला जागा उरत नाही.

आपल्या एक तरुण सभासद तासगावला शाळेत शिकवतात, रोज एस.टी.ने जातात-येतात. त्यांनी माझी वही वाचली आणि मला स्पष्टच म्हणाल्या, "काकू, तुम्ही तेल मोजलंत, गॅस मोजलात, माझा वेळ कुठे मोजलात?" त्यांचे म्हणणे असे की कढईसमोर उभे राहावे लागते आणि यंत्रासमोर नाही. त्या पंधरा मिनिटांत मुलाचा अभ्यास घेता येतो, उन्हाळ्यात तेलाच्या धगीत उभे राहणे टळते. हा मुद्दा खरा आहे आणि तो रुपयांत मांडता येत नाही. प्रेशर कुकर १९५९ नंतर आपल्याकडे होऊ लागले तेव्हाही भाताची चव गेली, शिट्टीने स्फोट होईल, असे पुष्कळांनी म्हटले होते. आज कुकरशिवाय कोणाचे चालते? फरक एवढाच की कुकर रोज दोन वेळा लागतो. ज्या घरी यंत्र रोज लागेल तिथे त्याला नाव ठेवण्याचा मला अधिकार नाही. माळ्यावर जाऊन बसेल तिथे मात्र आहे. ज्यांच्याकडे पंख्याची भट्टी असलेला मायक्रोवेव्ह किंवा मोठा ओव्हन आहे त्यांनी आधी त्यातच वड्या करून पाहाव्यात, काम तेच आहे. आणि आप्पेपात्राला विसरू नका. काही शेकड्यांत मिळते, थेंबभर तेलात साबुदाणा वडे आणि बटाटेवडे होतात, ओले पीठ त्यात गळत नाही. माझ्या वहीत निम्म्या ठिकाणी शेरा आहे: आप्पेपात्रात याहून चांगले.

तेव्हा अठराजणींनी सूट मिळते म्हणून अठरा यंत्रे घ्यावीत, या प्रस्तावाला माझी संमती नाही. यादी करताना मी प्रत्येकीला तीनच प्रश्न विचारले: घरात माणसे किती, आठवड्यातून तळण किती वेळा, आणि सोळा अँपियरचा प्लग आहे का. त्या उत्तरांवरून मला पाचजणींच्या घरी ते उपयोगी पडेल असे दिसते. पाचांवरही दुकानदार काही सूट देतो का, ते चिटणीसबाई विचारून सांगतील. ज्यांना घ्यायचे आहे त्यांनी हमीपत्र किती वर्षांचे, सुटी टोपली वेगळी मिळते का, आणि दुरुस्ती सांगली-मिरजेत होते की कोल्हापूरला पाठवावे लागते, हे लिहून घ्यावे. उरलेल्या तेराजणींची भिशी ठरल्याप्रमाणे चालू राहील.

जाऊबाईंनी यंत्र आणखी पंधरा दिवस ठेवायला परवानगी दिली आहे. ते उद्यापासून मंडळाच्या खोलीत, खिडकीजवळच्या मोठ्या प्लगला लावलेले असेल. दुपारी तीन ते पाच या वेळात कोणीही येऊन करून पाहावे. वड्या घरून उकडून आणाव्यात, तेल व चमचा आपला आणावा, आणि टोपली मऊ फडक्याने पुसून ठेवावी. वहीही तिथेच ठेवते आहे, आपापला पदार्थ, अंश आणि मिनिटे तीत लिहावीत.